भिजलेल्या गोणी, आठवं कलम आणि भरपाईचं गणित

तुम्ही जे विचारलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच कळेल. तुमच्या कंपनीने एक जहाज टाइम चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने, घेतलं. करार न्यूयॉर्क प्रोड्यूसच्या १९४६ च्या छापील फॉर्मवर, ज्याला आपण सगळे एनवायपीई म्हणतो. काकिनाड्याच्या अँकरेजला बार्जमधून तांदळाची कणी चढवली, ५० किलोच्या ५,००,००० गोणी. जुलैमध्ये जहाज आफ्रिकेच्या टोकाला केपला वळसा घालून सेनेगलमधल्या डकारला गेलं. तिथे होल्ड, म्हणजे मालाच्या कोठ्या, उघडल्यावर तीन प्रकारचं नुकसान निघालं. दोन नंबरच्या हॅचखाली (होल्डच्या झाकणाखाली) १,८०० गोणी भिजलेल्या, सगळ्याच होल्डमध्ये बाजूच्या पत्र्याला लागून ४,००० गोणी बुरशी धरून गठ्ठा झालेल्या, आणि मोजणीत २,५०० गोणी कमी. माल घेणाऱ्याने जहाज अडकवण्याची भीती घातली, म्हणून ओनरच्या, म्हणजे जहाजमालकाच्या, क्लबने (त्याचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने) हमीपत्र देऊन जहाज सोडवलं. आता ओनर म्हणतो, माल भरणं-रचणं तुमचं काम, करारातलं आठवं कलम वाचा. तुमचे साहेब म्हणतात, हॅच गळलं म्हणजे जहाज अनसीवर्दी, समुद्रात न्यायच्या लायकीचं नाही, चार्टर मोडा आणि सगळी रक्कम पुढच्या हायरमधून, म्हणजे जहाजाच्या भाड्यातून, कापून घ्या.

मी पंधरा वर्षं जहाजावर होतो, शेवटची काही वर्षं चीफ ऑफिसर. हॅच कव्हर आणि होल्ड माझ्याच ताब्यात असायचे. त्यानंतर मुंबईत बसून अशाच क्लेमच्या फायली हाताळल्या, कधी ओनरच्या बाजूने, कधी चार्टररच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या. त्यावरून सांगतो: ‘मालाची जबाबदारी कोणाची’ असा एकच प्रश्न विचारला की उत्तर हमखास चुकतं. तुमच्याकडे प्रश्न आहेत तीन. चार्टर मोडता येईल का? हायर कापता येईल का? आणि शेवटी पैसे कोण देणार? पहिल्या दोघांची उत्तरं लवकर देता येतात आणि ती तुमच्या साहेबांना आवडणार नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मात्र डकारच्या धक्क्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत कोणी काय टिपून ठेवलं यावर आहे.

चार्टर मोडण्याचं आधी घेऊ. समुद्रयोग्यता, म्हणजे आपण बोलताना ज्याला सीवर्दीनेस म्हणतो, ती नुसती बुडण्या-न बुडण्याची गोष्ट नाही. हॅच कव्हर, पंप, बिल्ज, खलाशांची लायकी, नकाशे आणि कागदपत्रं, आणि ठरलेला माल नीट नेण्याची होल्डची तयारी, हे सगळं तीत येतं. जुनी कसोटी अशी की, हा दोष माहीत असता तर शहाण्या मालकाने तो दुरुस्त केल्याशिवाय जहाज समुद्रात पाठवलं असतं का? तुमचं दोन नंबरचं हॅच या कसोटीवर नापास होईल असं मला वाटतं. पण नापास झालं म्हणून करार संपत नाही. इंग्लिश कायद्यातला हाँगकाँग फर या जहाजाचा खटला यावर आजही पहिला वाचावा असा आहे. १९५७ मध्ये ते जहाज दोन वर्षांच्या टाइम चार्टरवर लिव्हरपूलला ताब्यात दिलं गेलं. इंजिनं जुनी, इंजिनरूममधली माणसं अपुरी आणि कामात कच्ची. अमेरिकेतून कोळसा घेऊन ओसाकाला पोचेपर्यंत वाटेत पाच आठवडे दुरुस्तीत गेले आणि ओसाकाला आणखी सुमारे पंधरा आठवडे लागले. चार्टररने करार रद्द केला. जहाज समुद्रयोग्य नव्हतं हे कोर्टाने मान्य केलं, तरीही रद्द करणं चुकीचं ठरवलं, कारण कराराचे सतरा महिने अजून हातात होते. दोषामुळे कराराचा गाभाच हातून गेला की नाही, हे बघायचं असतं. तिथे अख्खं इंजिनरूम गेलं होतं. तुमच्याकडे रबर पॅकिंग आणि ड्रेन आहे, ते चार दिवसांत बदलून होतं. तुम्ही करार मोडलात तर तो तुम्ही मोडलात असंच ठरेल, आणि उरलेल्या मुदतीची भरपाई तुमच्याकडून मागितली जाईल.

हायर कापणं त्याहून धोक्याचं. जहाजाचा वापरच तुम्हाला नाकारला गेला असेल, तर त्या वेळेपुरतं हायर कापण्याला आधार आहे. हॅच दुरुस्तीत प्रत्यक्ष वेळ गेला असेल तर ऑफ-हायरचं (त्या वेळेचं भाडं न लागण्याचं) कलम बघा. पण खलाशांच्या हयगयीने माल खराब झाला, या कारणासाठी हायर कापता येत नाही, हे १९७८ च्या नान्फ्री प्रकरणापासून पक्कं धरलं जातं. हायर कमी पडलं की एनवायपीईच्या पाचव्या कलमाखाली ओनर जहाज परत घेऊ शकतो. बाजार वर असेल तर तो त्याचीच वाट बघत असतो. साहेबांना एवढं एक तरी नक्की सांगा की पुढचं हायर वेळेवर आणि पूर्ण भरा, हक्क राखून ठेवल्याचं पत्र सोबत द्या.

आता पैशांचं. इथे दोन करार एकावर एक बसलेले असतात. नवखी माणसं त्यांची गल्लत करतात आणि मग पुढचं सगळं पत्रलेखन वाया जातं.

पहिला करार बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या दस्तऐवजाचा, माल घेणारा आणि वाहक यांच्यातला. तुमच्या प्रकरणात बिलावर कॅप्टनच्या वतीने एजंटने सही केली आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे बिल ओनरचं आणि वाहक ओनर. म्हणूनच हमीपत्र त्याच्या क्लबला द्यावं लागलं. भारतातून बाहेर जाणाऱ्या मालाला १९२५ च्या कायद्याने हेग नियमांचा, म्हणजे समुद्रमार्गे माल नेणाऱ्याच्या जबाबदारीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, साचा लागत आला. आता संसदेने २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा केला आहे. या नियमांत ओनरवर समुद्रयोग्यतेचं बंधन निखळ नाही, प्रवासाच्या आधी आणि सुरुवातीला ‘योग्य ती दक्षता’ घेण्यापुरतं आहे. ऐकायला हे सौम्य वाटतं, पण ते कमी नाही. मन्कास्टर कासल या जहाजाची हकिगत बघा. १९५३ मध्ये सर्व्हेसाठी ग्लासगोच्या यार्डात स्टॉर्म व्हॉल्वची झाकणं उघडली, आणि परत बसवताना फिटरने नट पुरेसे आवळले नाहीत. पुढच्या फेरीत सिडनीहून लंडनला येताना ती ढिली होऊन पाणी होल्डमध्ये गेलं आणि बैलाच्या जिभांचे डबे खराब झाले. ओनरने नावाजलेलं यार्ड नेमलं होतं, सर्व्हेयरही होता, स्वतःची काही चूक नव्हती. तरी १९६१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरलं. दक्षतेचं काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी देता येत नाही. अलीकडचं उदाहरण २०२१ च्या निकालाचं. श्यामेनहून निघताना एक मोठं कंटेनर जहाज रुतलं. पॅसेज प्लॅनमध्ये (प्रवासाच्या मार्गाच्या आराखड्यात) एक महत्त्वाची सूचना उतरवलेली नव्हती, आणि तेवढ्यावर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने जहाज समुद्रयोग्य नव्हतं असं ठरवलं. कागदावरची चूकही पत्र्यावरच्या भोकासारखीच.

त्यात तुमचा माल डकारला उतरला. सेनेगल हेगहून नव्या आणि वाहकावर कडक अशा हँबर्ग नियमांत सामील आहे, आणि उतरवण्याचं बंदर सामील देशात असलं की ते नियम तिथल्या कोर्टात लागतात. हँबर्गमध्ये ‘जहाज हाकण्यातली चूक’ हा वाहकाचा जुना बचाव उरत नाही, आणि दाव्याची मुदतही एका वर्षाऐवजी दोन वर्षं होते. म्हणजे ओनरला, किंवा त्याच्या वतीने क्लबला, माल घेणाऱ्याला बहुधा पैसे द्यावेच लागतील. तो दिला जाणारा पैसा तुम्हा दोघांत कसा वाटायचा, हा दुसरा करार, म्हणजे तुमचं चार्टर.

एनवायपीईचं आठवं कलम म्हणतं की माल भरणं, रचणं, ट्रिम करणं चार्टररच्या खर्चाने, कॅप्टनच्या देखरेखीखाली. १९४० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने याचा अर्थ लावला तो असा: ‘देखरेख’ या शब्दाने जबाबदारी कॅप्टनवर जात नाही, रचणीची जबाबदारी मुळात चार्टररचीच. तुमचा ओनर बोट ठेवतोय ते इथे. पण तुमच्या करारात ‘देखरेख’ च्या पुढे ‘आणि जबाबदारी’ हे दोन शब्द हाताने जोडलेले आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्या दोन शब्दांनी पारडं उलटतं. आणि शेवटच्या पानावर इंटर-क्लब अ‍ॅग्रीमेंट १९९६, म्हणजे मालाच्या दाव्यांची वाटणी कशी करायची याचा क्लबांमधला करार, २०११ च्या दुरुस्तीसह, लागू केल्याची ओळ आहे. तुमच्या वादाचा निकाल त्या एका ओळीत आहे.

हे अ‍ॅग्रीमेंट आलं कसं तेही सांगतो, कारण त्यातून त्याचा स्वभाव कळतो. एनवायपीईची भाषा मालाच्या बाबतीत इतकी संदिग्ध आहे की ओनर आणि चार्टरर दोघांचे क्लब एकमेकांशी भांडण्यातच पैसा घालवत होते. १९७० मध्ये क्लबांनी आपसात एक ठोकळ वाटणी ठरवली. मग १९८४, १९९६ आणि २०११ मध्ये ती सुधारली. तिची बुद्धी साधी आहे: कोणाचा किती नैतिक दोष हे तोलत बसायचं नाही. नुकसान कशामुळे झालं ते शोधायचं, त्या कारणाचा खाना बघायचा, त्यात लिहिलेला आकडा लावायचा. गंमत अशी की हे खानेही त्या अ‍ॅग्रीमेंटच्या आठव्याच कलमात आहेत. इकडेही आठ, तिकडेही आठ, म्हणून पत्रात ‘आठवं कलम’ एवढंच कधी लिहू नका, कुठलं ते लिहा.

खाने चार. जहाज समुद्रयोग्य नसल्याने, किंवा जहाज हाकण्या-सांभाळण्यातल्या चुकीने झालेलं नुकसान: पूर्ण ओनरचं. भरणं, रचणं, बांधणं, उतरवणं, हाताळणं यातून झालेलं: पूर्ण चार्टररचं, पण ‘आणि जबाबदारी’ हे शब्द जोडलेले असतील तर निम्मं-निम्मं. माल कमी मिळणं किंवा पुढच्या बंदरात निघून जाणं: निम्मं-निम्मं. आणि बाकी उरलेलं सगळं, उशिरामुळे झालेलं धरून: तेही निम्मं-निम्मं. शेवटच्या दोन खान्यांत एक अपवाद आहे. स्पष्ट आणि न खोडता येणारा पुरावा असेल की एकाच्याच कृतीने किंवा हयगयीने हे झालं, तर सगळं त्याच्या अंगावर. पहिल्या दोन खान्यांत एकमेकांना छेद देणारी सोयही आहे. मुळात चुकीच्या रचणीमुळेच जहाज समुद्रयोग्य राहिलं नाही असं ओनरने सिद्ध केलं तर प्रकरण दुसऱ्या खान्यात जातं. उलट जहाजाच्या दोषामुळेच रचणी बिघडली असं तुम्ही सिद्ध केलंत तर पहिल्यात येतं.

पहिल्या खान्यातली एक बारीक गोष्ट चांगल्या वकिलांच्याही नजरेतून निसटलेली मी पाहिली आहे. तिथे शब्द आहेत ‘वस्तुतः समुद्रयोग्यता नसल्याने’. म्हणजे ओनरने दक्षता घेतली होती की नव्हती, हा प्रश्न तुमच्या दोघांमध्ये उरतच नाही. माल घेणाऱ्यासमोर तो ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ म्हणू शकतो, तुमच्यासमोर नाही. हॅच वस्तुतः गळत होतं आणि पाणी तिथूनच आलं, एवढं दिसलं की पुरे. तुमच्या ओनरने पत्रात क्लास सर्टिफिकेट (जहाज तपासून दिलेला दाखला) आणि देखभालीच्या नोंदी जोडल्या आहेत त्या माल घेणाऱ्याला दाखवाव्यात, तुमच्याविरुद्ध त्यांचा उपयोग नाही.

मग पाणी तिथूनच आलं हे दाखवायचं कसं? ओल्या गोणीवर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकतात. पाण्यात मीठ असेल तर थेंब दुधासारखा पांढरा होतो, गोडं पाणी असेल तर तो तसाच राहतो. तुमच्या सर्व्हे रिपोर्टमध्ये ही चाचणी पांढरी आली आहे, छान. पण तेवढ्यावर थांबू नका. काकिनाड्याला माल बार्जमधून येतो, बार्जवर लाटेचा तुषार उडतो आणि गोणी वर चढतानाच खाऱ्या पाण्याने भिजू शकतात. ओनरचा वकील हे बोलणारच. म्हणून ओल्या गोणी होल्डमध्ये कुठे होत्या ते महत्त्वाचं. तुमच्या फोटोंत वरच्या थरावर आडवी, सरळ, हॅचच्या रुंदीइतकी पट्टी दिसते. ही पट्टी बार्जवरच्या तुषारांची नाही. बार्जवर भिजलेल्या गोणी थरांत विखुरलेल्या सापडल्या असत्या. दोन पॅनेल जिथे जुळतात त्या क्रॉस-जॉइंटची ही सावली आहे.

अशा एका प्रकरणात मी स्वतः हॅचवर चढलो होतो. रबर बऱ्यापैकी होतं. कॉम्प्रेशन बारला (रबरावर दाबून बसणाऱ्या लोखंडी पट्टीला) खडू फासला, पॅनेल बंद करून पुन्हा उघडलं, तर रबरावर खडूची रेघ जवळजवळ अखंड उमटली. कोणी म्हणालं असतं, हॅच ठीक आहे. मग क्रॉस-जॉइंटच्या पन्हळीचा ड्रेन उघडला. आत आधीच्या फेरीतला गहू कुजून दगडासारखा बसला होता. रबरातून थोडं पाणी आत झिरपणार हे धरूनच ती पन्हळ बनवलेली असते, ते ड्रेनमधून डेकवर परत जायला हवं. वाट बुजली की पाणी पन्हळ भरून थेट मालावर पडतं. तो गहू पुराव्याच्या पिशवीत सीलबंद केला आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. आधीच्या फेरीतला गहू म्हणजे ताजा प्रवास सुरू होतानाच दोष होता. तुमच्या सर्व्हेयरने ड्रेन उघडून बघितले का, हे आजच विचारा. जहाज अजून तुमच्याच चार्टरवर आहे, संयुक्त तपासणी आणि अल्ट्रासॉनिक चाचणी मागण्याचा हक्क वापरा.

इथे जरा बाजूला जातो, कारण कोकण-गोव्यातल्या वाचकांना ते जवळचं आहे. जहाजाची सुरक्षितता दर वेळी पत्र्यामुळेच जाते असं नाही, मालामुळेही जाते. लोहखनिजाचा बारीक चुरा पावसात भिजला आणि तसाच भरला की प्रवासात हादऱ्यांनी तो चिखलासारखा वाहू लागतो आणि जहाज कलतं. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोज ही दोन जहाजं अशीच गेली. मुरगाव आणि रेडीहून असा चुरा भरणारा प्रत्येक जण तेव्हापासून ओलाव्याच्या दाखल्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. दाखल्यातली मर्यादा, टीएमएल, म्हणजे माल वाहू लागतो त्या ओलाव्याच्या ९० टक्के. तिथे चुकीचा दाखला देणारी बाजू चार्टररची असते आणि हिशेब उलट दिशेने चालतो. कॅप्टन डब्यात चुरा घालून आपटून बघतो, तेव्हा त्याला घाई करू नका.

तुमच्याकडे परत येतो. बाजूच्या ४,००० गोणींचं प्रकरण अवघड आहे, आणि खरा पैसा तिथेच आहे. काकिनाड्याला जूनच्या दमट उकाड्यात भरलेली कणी आपली ऊब आणि ओलावा धरून असते. जुलैत केपजवळ ऐन हिवाळा. बाहेरचं पाणी थंड, म्हणून पत्रा थंड, आणि आतली दमट हवा पत्र्याला लागली की त्यावर पाणी धरतं. ते ओघळून बाजूच्या गोणीत मुरतं. हे गोडं पाणी, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब इथे स्वच्छच राहणार. याला आपण स्वेट म्हणतो.

हे नुकसान कोणत्या खान्यात जाईल हे परिस्थितीवर आहे, आणि मला फोटोंवरून सांगता येणार नाही. गोणी आणि पत्रा यांच्यामध्ये बांबूच्या चटया आणि क्राफ्ट पेपर नीट लावला नसेल, गोणी फ्रेमला थेट टेकल्या असतील, तर ती रचणीतली चूक. तुमच्या करारात ‘आणि जबाबदारी’ असल्याने ती निम्मी-निम्मी. डनेज, म्हणजे या चटया-कागद, ठीक होतं पण खलाशांनी हवा खेळवली नाही, तर आमच्या व्यवहारात हे सहसा शेवटच्या खान्यात बघतात: पुरावा लख्ख असेल तर पूर्ण ओनरवर, नाहीतर निम्मं. त्यासाठी व्हेंटिलेशन लॉग हवा. त्यात रोज बाहेरचं तापमान, होल्डचं ड्यू पॉइंट (हवेतलं पाणी ज्या तापमानाला धरू लागतं ते), व्हेंट कधी उघडले, कधी बंद केले, हे असायला हवं. बाहेरची हवा मालाच्या मूळ तापमानापेक्षा किमान तीन अंश थंड असेल तेव्हा हवा द्यायची, असा साधा नियम आहे. लॉगमध्ये महिनाभर एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, त्याच त्या वेळा लिहिलेल्या दिसल्या तर तो बसून एकदाच भरलेला असतो. मी स्वतः असे लॉग पाहिले आहेत. मग डेक लॉगमधल्या हवामानाशी ताडून बघा. ज्या दिवशी वादळ होतं आणि डेकवर लाटा येत होत्या त्या दिवशीही ‘व्हेंट उघडे’ लिहिलं असेल, तर सगळा लॉग ढासळतो.

पण सावध राहा, हे दुधारी आहे. तांदळाला वाटेत फ्युमिगेशन, म्हणजे कीड मारायची धुरी, चालू असतं. तुमच्या फ्युमिगेटरने ‘इतके दिवस व्हेंट सील ठेवा’ असं लिहून दिलं असेल, आणि त्याच दिवसांत जहाज थंडीत शिरलं असेल, तर ओनर म्हणेल की ही तुमचीच सूचना होती. यांगत्झे शिंग ह्वा या प्रकरणात हेच तत्त्व चार्टररवर उलटलं. सोयाबीन पेंड घेऊन जहाज इराणला पोचलं. मालाचे पैसे मिळाले नव्हते म्हणून चार्टररने ते चार महिन्यांहून जास्त काळ बंदराबाहेर उभं ठेवलं, आणि पेंड तापून खराब झाली. चार्टरर म्हणाला, उभं ठेवणं ही काही चूक नव्हे, तो माझा अधिकार होता. इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की शेवटच्या खान्यातल्या ‘कृती’ या शब्दाला दोषाची गरज नाही, कृती पुरे. सगळं चार्टररवर गेलं. म्हणून फ्युमिगेशनचा कागद ओनरच्या हाती लागण्याआधी तुम्ही वाचून ठेवा.

कमी गोणींवर फार वेळ घालवू नका. ५,००,००० मध्ये २,५०० म्हणजे अर्धा टक्का. चढवताना जहाजाची टॅली (गोणींची मोजणी) आणि किनाऱ्याची टॅली यांतलाच फरक कधी एवढा असतो. चोरीचा ठोस पुरावा नसेल तर ते निम्मं-निम्मंच राहणार. फाटक्या गोणी आणि झाडून गोळा केलेली कणी मोजणीत धरली का, एवढं फक्त बघा. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत तिथेच आकडा फुगतो.

आता गोणींचाच हिशेब करू. कारणं वेगळी काढली नाहीत, सगळं एकत्र ‘नुकसान’ म्हणून लिहिलं, तर ८,३०० गोणी आणि तुमचा वाटा ४,१५०. हॅचखालच्या १,८०० पहिल्या खान्यात बसल्या तर त्या पूर्ण ओनरच्या, आणि तुमचा वाटा ३,२५० वर येतो. व्हेंटिलेशनची हयगय लख्ख दाखवता आली तर फक्त कमी गोणींचा निम्मा भाग उरतो, १,२५०. उलट फ्युमिगेशनची सूचना तुमच्या अंगावर आली तर स्वेटच्या चारही हजार गोणी तुमच्या, एकूण ५,२५०. म्हणून डकारला अजून गोणी वेगळ्या करायचं काम चालू असेल तर आज रात्रीच निरोप पाठवा की खाऱ्या पाण्याच्या, स्वेटच्या आणि फाटक्या गोणी वेगवेगळ्या रचा, वेगवेगळ्या मोजा, आणि विकताना तीन वेगळ्या पावत्या घ्या. एकदा त्या मिसळल्या की कोणीही तज्ज्ञ आणलात तरी त्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

आणखी एक विषय तुम्ही विचारला नाहीत, पण तो विचारायला हवा होता. मेट्स रिसीटवर, म्हणजे माल चढल्यावर जहाजाने दिलेल्या पावतीवर, ‘काही गोणी ओल्या’ असा शेरा होता का? असेल, आणि तरी एजंटने बिल क्लीन, म्हणजे शेऱ्याशिवाय, काढलं असेल, तर तो वेगळाच खटला आहे आणि तो तुमच्यावर येईल. पाऊस चालू असताना काकिनाड्याला भरणी थांबवली होती का, हेही स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समधून (बंदरातल्या कामाच्या वेळांच्या नोंदीतून) काढून ठेवा.

राहिली मुदत आणि हमी. जो दुसऱ्याकडे वाटा मागणार आहे त्याने, माल ताब्यात दिल्यापासून २४ महिन्यांत लेखी कळवायला हवं. हँबर्ग नियम सक्तीने लागू असतील तर ३६ महिने. डकारमुळे तुम्हाला ३६ मिळतील असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका, २४ च धरा. पत्रात बिल ऑफ लेडिंगचा तपशील, दाव्याचं स्वरूप आणि शक्य तर रक्कम लिहा. ओनर तुमच्याकडे वाटा मागणार आहे, तरी तुमचंही पत्र जाऊ द्या, कारण माल घेणारा उद्या थेट तुमच्यावरही येऊ शकतो. २०११ च्या दुरुस्तीने, ओनरने माल घेणाऱ्याला जेवढ्या रकमेची हमी दिली तेवढ्याच रकमेची हमी त्याला तुमच्याकडे मागता येते, आणि त्याने मागितली तर तुम्हीही त्याच्याकडून उलट हमी मागू शकता. तुमच्या चार्टरर्स क्लबला अजून कळवलं नसेल तर ते आधी करा. आणि प्रत्यक्ष वाटणी मागता येते ती दावा रीतसर मिटवून पैसे दिल्यावरच, त्यामुळे ओनर ‘आत्ता निम्मे पाठवा’ म्हणत असेल तर आत्ता काही देणं लागत नाही.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. एनवायपीईच्या सव्विसाव्या कलमाच्या दुसऱ्या वाक्यात कोणी ‘कार्गो क्लेम्स’ हे शब्द जोडले असतील, तर इंटर-क्लब अ‍ॅग्रीमेंटची वाटणी लागत नाही, करारात ते लागू केल्याची ओळ असली तरी. ब्रोकर जुन्या करारावरून नवा करार उतरवतात तेव्हा असे शब्द न कळत येतात. तुम्ही पाठवलेल्या भागात सव्विसावं कलम नाही. ते बघून सांगा, मग पुढचं बोलू.